दोनशे रुपयांच्या आतली सुरी: पत्रा, पाणी आणि धारेमागची जाडी

प्रश्न: सांगलीजवळ आमचं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. दुकानात दोनशे रुपयांच्या आत विकता येईल अशी घरगुती सुरी बनवायचा विचार आहे. पत्रा कोणता आणि किती जाडीचा घ्यावा? ३०४ स्टेनलेसचे तुकडे आमच्याकडे पडूनच असतात, ते चालतील का? फोर्जिंग, म्हणजे तापवून ठोकणं, करावंच लागतं का? धार साधी ठेवावी की दाते पाडावेत? आणि मूठ कशाची करावी?

उत्तर:

३०४ चे तुकडे चालणार नाहीत, हे आधी सांगून टाकतो, कारण फॅब्रिकेशनवाल्याच्या मनात पहिल्यांदा तेच येतं. पत्रा घरचा, लेझरवाला ओळखीचा, मग अडलं कुठे? अडतं ते पाणी देताना, म्हणजे तापवून, विझवून पोलाद कडक करताना. ३०४ मध्ये क्रोमियम अठरा टक्क्यांच्या आसपास आणि निकेल आठ टक्के असतं, पण कार्बन ०.०८ टक्क्यांच्याही आत. असा पत्रा कितीही तापवून विझवा, कडक होत नाही. त्याची सुरी पहिल्या दिवशी टोमॅटो छान कापेल आणि आठवड्याभरात धार मुडपून बसेल. २०२ ची तीच गत. लोहचुंबकाला चिकटला की तो सुरीचा पत्रा, असं बाजारात ऐकाल, तर तेही अर्धंच खरं आहे. ४३० चा पत्रा चुंबकाला घट्ट चिकटतो, पण पाणी तोही घेत नाही. तेव्हा पत्रा घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यातला कार्बनचा आकडा वाचा.

तुमच्या किमतीत विचार करण्याजोगे पत्रे दोनच. पहिला ४२०-जे-२: कार्बन ०.२६ ते ०.४०, क्रोमियम १२ ते १४ टक्के. जगभरच्या स्वस्त सुऱ्यांचा हा नेहमीचा माल. त्यातही कार्बन ०.३२ च्या वर असलेला लॉट मिळाला तर सोडू नका. नीट पाणी दिलं तर तो ५२-५३ रॉकवेलपर्यंत (हे कडकपणाचं माप) जातो. दुसरा म्हणजे जर्मन सुऱ्यांचा १.४११६: कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १४ ते १५, शिवाय थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. हा ५५-५६ ला सहज बसतो. सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतल्या झोलिंगेनच्या नामांकित सुऱ्याही बऱ्याचशा याच पोलादाच्या असतात.

दुसरा महाग पडेल म्हणून लगेच बाजूला ठेवू नका, आधी हिशोब करा. पातं १५० मिमी लांब, ३८ मिमी उंच, शिवाय मुठीत जाणारी शेपटी, असा दीड मिमी पत्र्याचा कापलेला तुकडा नव्वद ग्रॅमच्या आसपास भरतो. एकाला एक उलटसुलट लावून पाती बसवली आणि वाया जाणारी जागा धरली, तर एका किलोत साधारण आठ निघतात. म्हणजे पत्रा किलोमागे ऐंशी रुपयांनी महाग मिळाला तरी सुरीमागे दहाच रुपये वाढतात. चकचकीत पॉलिश आणि रंगीत खोक्यावर याहून जास्त पैसे जातात, आणि त्यातला एक रुपयाही कांदा कापायच्या कामी येत नाही.

स्वस्त सुरीत पैसे दोनच ठिकाणी घालावेत, पाणी देण्यात आणि ग्राइंडिंगमध्ये. बाकी सगळीकडे हात आखडता घ्या.

आधी पाण्याचं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने १९१३ साली १२.८ टक्के क्रोमियमचं, न गंजणारं पोलाद ओतलं, तेव्हा त्याच्या पहिल्या सुऱ्यांची चेष्टा झाली होती. गंजत नाहीत, पण कापतही नाहीत, अशी. साध्या पोलादाला सवयीने जी वागणूक द्यायची ती या नव्या पोलादाला चालत नव्हती. शंभर वर्षं उलटली तरी गल्लोगल्ली तेच चाललं आहे. साधं कार्बनचं पोलाद ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवलं की काम होतं, लोहाराला ते नुसत्या रंगावरून कळतं. ४२० ला मात्र १०२० ते १०५० अंश सेल्सिअस लागतात, आणि तेही नेमके. भट्टीत डोळ्यांनी अंदाज घेऊन हे जमत नाही. कमी तापलं तर कार्बन विरघळत नाही आणि पातं मऊ राहतं, जास्त तापलं तर ठिसूळ होतं.

म्हणून स्वतःची भट्टी घालू नका. व्हॅक्यूम हार्डनिंगचं, म्हणजे हवा काढलेल्या भट्टीत पाणी देण्याचं, जॉबवर्क करणारे पुण्या-कोल्हापूरकडे आहेत, दर किलोवर असतो आणि तुमचं पातं शंभर ग्रॅमच्याही आतलं. दोन-तीनशे पात्यांची एक बॅच करून पाठवा. पत्रा पातळ असल्याने पाती वाकण्याची भीती असते, तेव्हा ती उभी टांगायला सांगा, आणि टेंपरिंगला, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवताना, दोन जाड पट्ट्यांमध्ये आवळून घालायला सांगा. बारीकसारीक बाक त्यातच निघून जातो. टेंपरिंग १८० ते २०० अंशांवर, दोन तास. कोणी साडेचारशे-पाचशे अंश सुचवलं तर ठाम नाही म्हणा. त्या तापमानाला पोलादाचा चिवटपणाही जातो आणि गंज रोखायची ताकदही. कडकपणाची चाचणी शेपटीवर घ्यायला सांगा, तिथे पत्रा पूर्ण जाडीचा असतो आणि मशिनचा ठसा पुढे मुठीखाली झाकला जातो.

आता जाडीचं. सुरी कापते की नाही हे नव्वद टक्के इथे ठरतं, तरी गिऱ्हाईक, दुकानदार आणि बनवणारा तिघेही याच बाबतीत फसतात. हातात जड लागली की सुरी भक्कम वाटते. बाजारात अडीच मिमी पत्र्याच्या सुऱ्या मिळतात, त्यांचा उतार, म्हणजे धारेकडे पातळ होत जाणारा भाग, फक्त खालच्या सात-आठ मिमीत असतो. अशा सुरीची जाडी धारेच्या पाच मिमी वर मोजलीत तर दीड मिमीच्या पुढे भरेल. तिने गाजर कापून बघा. धार दोन-तीन मिमी आत जाते आणि मग ‘कट्’ आवाज होऊन पुढचं गाजर आपोआप फुटतं. सुरी तिथे कापत नसते, पाचर मारत असते. फुटलेला भाग खरखरीत दिसतो, सुरुवातीचा कापलेला भाग गुळगुळीत. बटाट्याची चकती अशाच सुरीने तिरकी होते आणि कांद्याच्या पाकळ्या एकमेकींवरून घसरतात. धार कितीही लावा, फरक पडणार नाही, कारण दुखणं धारेच्या वरच्या अंगाला आहे.

तुम्ही दीड मिमी पत्रा घ्या आणि उतार पाठीपासून थेट धारेपर्यंत एकसारखा काढा. धार लावण्याआधी खालची कड ०.३ मिमी राहिली पाहिजे. मग पाच मिमी वर जाडी अर्ध्या मिमीच्या आसपास येते, म्हणजे बाजारच्या जाड सुरीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. पाच-सहाशे रुपयांचा डिजिटल व्हर्निअर एवढ्यासाठी पुरतो. तो नसेल तर एक सोपी खूण सांगतो. दोन्ही बाजूंनी सतरा-अठरा अंशांची धार लावल्यावर कडेला जी चमकती रेघ दिसते, ती अर्धा मिमी रुंद हवी. रेघ दोन मिमी रुंद दिसली तर धारेमागचा पत्रा एक मिमीहून जाड आहे हे नक्की समजा. दुकानात कोणतीही सुरी उजेडात धरून ही रेघ बघा, किमतीच्या चिठ्ठीपेक्षा ती जास्त सांगते.

नमुना हवा असेल तर थायलंडच्या किवी सुऱ्या मागवून पाहा. पोलाद साधंच, थोडं मऊ, लाकडी मूठ ओबडधोबड, पण पातं इतकं पातळ की जगभरातले आचारी त्या हौसेने वापरतात. याउलट, पातळ म्हणून ०.८ मिमीचा पत्रा घेऊन नुसती कड घासायची, असंही करू नका. तशी सुरी लाल भोपळ्यात शिरल्यावर वळते, आणि वळणारी सुरी कुठे सटकेल याचा भरवसा नाही.

ग्राइंडिंग बेल्टवर करा, आणि ते पाणी दिल्यानंतर करा. आधीच कड पातळ केलीत तर भट्टीत ती लाटेसारखी वाकते. कडक पातं घासताना बेल्ट जास्त लागतात, हे मान्य, तुमच्या खर्चाचा सगळ्यात मोठा तुकडा हाच असेल. पातं सारखं पाण्यात बुडवत राहा आणि घासताना हातमोजा घालू नका. बोटाला चटका सोसवेनासा झाला की लगेच पाण्यात. पातं निळं पडलं की थांबू, हा हिशोब स्टेनलेसला लागू पडत नाही. त्यावर रंग उशिरा उमटतो, तोवर कडेचं पाणी उतरलेलं असतं. शेवटचा हात २४० ग्रिटचा पुरे. आरशासारखं पॉलिश दुकानात छान दिसतं, पण तारेच्या घासणीखाली पहिल्याच दिवशी ओरखडतं आणि बटाट्याच्या चकत्या त्याला जास्त चिकटतात.

आकार ठरवण्याआधी चार घरांच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघा. विळीवर पातं स्थिर असतं आणि भाजी त्याच्यावरून सरकते, त्यामुळे ओढून कापणं आपोआप होतं. त्याच बायका ओट्याशी उभ्या राहून सुरी धरतात तेव्हा ओढत नाहीत, सरळ खाली दाबतात. पातळ पात्याचा माझा आग्रह यासाठीही आहे, दाबून कापणाऱ्याला जाडी जास्त नडते. शिवाय अनेक घरी भेंडी, गवार, घेवडा हातातच कापतात, सुरी अंगठ्याकडे ओढून. आणि कापायला फळी नसेल तर स्टीलचं ताट किंवा सरळ ग्रॅनाइटचा ओटा. सुरीबरोबर कितीही सूचना छापा, यातलं काही बदलत नाही. ६० रॉकवेलची कडक धार ओट्यावर आपटली की तिचे कपचे उडतात, ५३-५५ ची नुसती मुडपते आणि पुन्हा उभी करता येते. मध्यम कडकपणा इथे योग्य ठरतो तो असा.

लांबी १४० ते १५० मिमी ठेवा. त्याहून लांब सुरी हातातल्या भेंडीला अवघड जाते, कमी ठेवली तर कोबी आणि कलिंगड हाताळता येत नाही. मुठीजवळ पात्याची उंची ३८ मिमीच्या खाली नेऊ नका, नाहीतर फळीवर कापताना बोटांची पेरं आपटतात. स्वस्त सुऱ्या वीस-बावीस मिमी उंचीच्या असतात आणि लोक मग फळीच्या काठावर किंवा हवेत कापतात, त्याचं कारण हेच. धारेला अगदी थोडा पोट-बाक द्या, टोक पाठीकडून खाली उतरवा. टोक असावं, बटाट्याचे डोळे आणि टोमॅटोचं देठ त्यानेच काढायचं, पण सुईसारखं नको. त्याच टोकाने लोक दुधाची पिशवी फोडतात, कुकरची रिंग उचकटतात आणि डब्याचं झाकण उघडतात, म्हणून टोकाकडच्या दहा मिमीत जाडी थोडी जास्त राहू द्या. पाठीच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरने मारून गोल करा. भोपळा किंवा सुरण कापताना डावा तळवा पाठीवर दाबला जातो, आणि लेझरने कापलेली कड तिथे कातडीत रुतते. दोन मिनिटांचं काम आहे, पण दोनशे रुपयांच्या सुरीत ते केलेलं मी क्वचितच पाहिलं.

धारेच्या मुठीकडच्या टोकाला पाच-सहा मिमीची छोटी खाच ठेवा, म्हणजे निसणा शेवटपर्यंत फिरतो. ती नसली की दोन-चार वर्षांत मुठीजवळ धारेचा एक उंचवटा उरतो आणि सुरी फळीवर पूर्ण टेकत नाही.

मुठीबद्दल. इंजेक्शन मोल्डिंगची मूठ सगळ्यात टिकाऊ, पण मोल्डचा खर्च काही लाखांत जातो, आत्ता त्यात पडू नका. लाकूड स्वस्त आणि हाताला छान. शेतीच्या अवजारांना आपल्याकडे बाभूळ चालतेच. पण सुरी रात्रभर सिंकमध्ये भांड्यांखाली भिजते. लाकूड फुगतं, सुकतं, रिबिटांपाशी फट पडते आणि त्या फटीत काळा मळ बसतो. मी असतो तर पॉलिप्रॉपिलीनच्या शीटच्या दोन फळ्या कापून, स्टेनलेसच्या ४ मिमी रिबिटा मारून, बेल्टवर आकार दिला असता. रिबिटा दोन पुरतात. लांबी ११० मिमी, जाडी मधोमध १७-१८ मिमी, आणि पुढच्या बाजूला खाली चार-पाच मिमीचा उतरता ओठ, म्हणजे मासे साफ करताना ओला, तेलकट हात धारेवर सरकत नाही. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा. काळ्या नि तपकिरी मुठीच्या सुऱ्या सालांबरोबर कचऱ्याच्या डब्यात जातात. घरोघरी विचारा, हरवलेली सुरी बहुतेक तिकडेच गेलेली असते.

फोर्जिंगची गरज नाही. आजचा रोल केलेला पत्रा एकसारखा असतो, त्याला ठोकून काही साधत नाही. एवढंच पाहा की पात्याची लांबी रोलिंगच्या दिशेने येईल अशी पाती पत्र्यावर मांडली आहेत. घिसाडी आणि लोहार ट्रकच्या पाट्यातून ज्या सुऱ्या काढतात त्या वेगळ्या, तिथे जाड पाट्याला पातळ करायला ठोकावंच लागतं. त्या सुऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांना धार पटकन लागते आणि ती टिकते. पण कैरी, लिंबू, कोकम यांनी पातं काळं पडतं आणि फोडींना लोखंडाची चव उतरते. आठवडे बाजारातलं गिऱ्हाईक सुरी वापरून लगेच पुसून ठेवणारं असेल तर जरूर करा. फ्लॅटमधल्या सिंकसाठी नको.

दात्यांबद्दल माझं मत थोडं दुहेरी आहे. बाजारातल्या बहुतेक दातेरी सुऱ्यांत दाते असतात ते कच्चं पाणी झाकायला. टोमॅटो आणि पाव त्यांनी छान कापले जातात, कोथिंबीर मात्र चिरडते, आणि घरी त्यांना धार लावता येत नाही. पण जे घर आयुष्यात कधीच धार लावणार नाही तिथे दातेरी सुरी साध्या बोथट सुरीपेक्षा बरी, हेही खरं. मुख्य सुरी साध्या धारेचीच ठेवा.

कारण तिला घरी धार लावता येते, आणि हे खोक्याच्या मागे चित्र काढून दाखवा. चहाच्या कपाच्या तळाला चकाकी नसलेलं खरखरीत कडं असतं, त्यावर धार लागते हे अनेकांना ठाऊक असतं, पण कोन चुकतो. तुमच्या ३८ मिमी उंच पात्याची पाठ कपापासून सव्वा सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी, म्हणजे जवळजवळ करंगळीच्या जाडीइतकी वर धरली की सतरा अंश होतात. प्रत्येक बाजूने आठ-दहा हलके हात. सायकलवरचा धारवाला दर वेळी पात्याचा चांगला भाग खाऊन टाकतो आणि त्याच्या कोरड्या चाकावर कड तापते ती वेगळीच.

माल बाजारात नेण्याआधी काही चाचण्या करा. सहा मिमीची पितळी सळई शिकंजात आडवी धरा, धार तिच्यावर पंधरा-वीस अंशांत टेकवून हलकेच दाबत ओढा. कड किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी बरोबर आहे. वाकलेलीच राहिली तर मऊ, कपचा उडाला तर टेंपरिंग अपुरं. पात्याला मीठ आणि लिंबाचा रस चोपडून रात्रभर ठेवा आणि गंज धरतो का ते बघा. मूठ दिवसभर पाण्यात बुडवा, मग कडक उन्हात वाळवा, असं काही वेळा करा आणि रिबिटांपाशी नख फिरवून फट शोधा.

खरी परीक्षा मात्र घरांतच होते. ओळखीच्या दहा-पंधरा घरी सुरी द्या, वापराची कुठलीही सूचना देऊ नका आणि दोन महिन्यांनी परत मागून भिंगाखाली बघा. टोक वाकलेलं दिसलं तर तिथली जाडी वाढवा. धारेवर ठिकठिकाणी चमकते सपाट ठिपके असले तर ती स्टीलच्या ताटावर चालली आहे; अशा घरांची संख्या जास्त निघाली तर धारेचा कोन दोन्हीकडून वीस अंशांवर न्या, धार थोडी कमी तीक्ष्ण होईल पण टिकेल. मुठीच्या ओठापाशी मळ साचला असेल तर तिथली गोलाई मोठी करा. हे बदल लेझरच्या फाइलमध्ये आणि बेल्टवर अर्ध्या दिवसात होतात, प्रेसची डाय (पाती कापायचा साचा) बनल्यावर आकाराला हात लावता येत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन बॅचेस, थोड्या महाग पडल्या तरी, लेझरवरच कापून घ्या.